उसण भरली, आता खर्च किती?

फिजिओथेरपी क्लिनिकला फोन लावला की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘एका सिटिंगचे किती?’ समोरून आकडा येतो, तो आपण शेजारच्या क्लिनिकच्या आकड्याशी ताडून पाहतो आणि शंभर रुपये वाचतील तिकडे जातो. कोथिंबिरीच्या जुडीला ही पद्धत ठीक आहे. इथे मात्र ती हमखास फसवते, कारण बिल सिटिंगच्या दरापेक्षा सिटिंगच्या संख्येवर जास्त ठरतं. साडेतीनशेच्या वीस सिटिंग सात हजारांना पडतात, सातशेच्या सहा चार हजार दोनशेला. म्हणून फोनवर दर विचारा, पण क्लिनिकमध्ये गेल्यावर तीन गोष्टी विचारा. मला नेमकं काय झालंय? याला साधारण किती सिटिंग लागतील? आणि तुमच्याशिवाय माझं मी कधीपासून करू शकेन? तिसऱ्या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याचा दर कितीही कमी असला तरी तो महागच पडतो.

ठाणे ते कल्याण या पट्ट्यात या धंद्याला गिऱ्हाईक कमी पडणार नाही. कल्याण ते सीएसएमटी सुमारे ५४ किलोमीटर, तेही बहुतेकांचं उभ्याने. एक हात कडीला, दुसऱ्यात पोटाशी धरलेली बॅग. वर दादरचे जिने. घरून काम करणाऱ्यांनी जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर आठ-आठ तास काढून मानेची वेगळी सोय करून ठेवली आहे. मागणी आली तशी दुकानंही आली, आणि गेल्या काही वर्षांत त्यांवरच्या पाट्या बदलल्या. पूर्वी ‘फिजिओथेरपी सेंटर’ असायचं, आता ‘वेलनेस क्लिनिक’ असतं. आत एका खोलीत फिजिओ, दुसरीत डंबेल घेऊन ट्रेनर आणि पडद्यामागे मसाजचं टेबल. गिऱ्हाइकाला हे सगळं एकच वाटतं. शिक्षण, कायदा, कर आणि दर या चारही बाबतींत मात्र ही तीन माणसं वेगवेगळी आहेत, आणि पैसे वाया जातात ते बहुधा एकाचं काम दुसऱ्याकडून करून घेतल्यामुळे.

पुढचे दर या भागात साधारण आढळणारे आहेत. गल्ली, नाव आणि वेळ यांनुसार शंभर-दोनशे इकडेतिकडे होतात, तेव्हा ठरवण्याआधी विचारून घ्याच.

फिजिओ: पैसे कशाचे मोजायचे

डोंबिवली-कल्याणात क्लिनिकमधली एक सिटिंग साधारण ३०० ते ६०० रुपयांना पडते. टिळकनगर, एमआयडीसी निवासी विभाग किंवा खडकपाड्यात वरच्या बाजूला, कोळसेवाडीकडे खालच्या. ठाण्यात नौपाडा-पाचपाखाडीला ५०० ते ८००, आणि घोडबंदर रोडवर मानपाड्याच्या पुढे गेलात की ७०० ते १,२००. पहिल्या दिवसाची तपासणी बऱ्याच ठिकाणी वेगळी धरतात, ५०० ते १,०००. थेरपिस्ट घरी येणार असेल तर डोंबिवलीत ५०० ते ९००, ठाण्यात ८०० ते १,५००. घोडबंदर रोडच्या वाहतूक कोंडीत अडकलेला त्याचा वेळही त्या दरात असतो, हे लक्षात घेतलं तर आकडा तितका बोचत नाही.

दरातल्या या फरकाचा मोठा भाग जागेच्या भाड्याचा आहे, कौशल्याचा नाही. फडके रोडच्या एखाद्या जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर बसणारी, पंधरा वर्षं काम केलेली थेरपिस्ट चारशे घेते आणि हिरानंदानी इस्टेटमधला नवा पदवीधर हजार, असं सहज दिसतं. दरावरून गुणवत्ता ओळखायला जाऊ नका. त्यापेक्षा हे पाहा: पाऊण तासाच्या सिटिंगमध्ये थेरपिस्ट स्वतः तुमच्याजवळ किती मिनिटं असते?

ठरावीक साच्याची सिटिंग अशी असते. दहा मिनिटं गरम शेक, पंधरा मिनिटं आयएफटीच्या, म्हणजे विजेच्या सौम्य प्रवाहाच्या, मुंग्या, सात मिनिटं अल्ट्रासाउंडचं थंड जेल, कंबर असेल तर ट्रॅक्शन, आणि शेवटी शिकाऊ मुलगी येऊन दोन व्यायाम दाखवून जाते. शेजारच्या तीन खाटांवर हेच चाललेलं असतं. बरं वाटतं, नाही असं नाही. शेकाने बरं वाटतंच. पण जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात नियमित उपचार म्हणून ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड, टेन्स हा विजेचा उपचार आणि कमरेचा पट्टा यांची शिफारस नाही. उलट ते टाळावेत असं म्हटलं आहे. शिफारस आहे ती शिकवलेल्या व्यायामाची, दुखण्याबद्दल नीट समजावून सांगण्याची, आणि काही प्रमाणात हातांनी केलेल्या उपचारांची व मसाजची. थोडक्यात, वायरी आणि मशीन हा बिलातला सर्वांत कमी मोलाचा भाग आहे आणि थेरपिस्टचे हात, डोळे व बोलणं हा सर्वांत जास्त. ‘आमच्याकडे लेझर आहे, परदेशी मशीन आहे’ म्हणून दर जास्त असेल, तर त्या जादा पैशांत तुम्ही मशीनचा हप्ता भरताय असं समजा. याला अपवाद आहेत. शस्त्रक्रियेनंतर मांडीचा स्नायू जागाच होत नसेल तर विजेची उत्तेजना उपयोगी पडते. पण मग ती कशासाठी आणि किती दिवस, हे थेरपिस्ट सांगू शकते.

व्यायाम कागदावर लिहून मागा, किंवा तुमच्याच मोबाइलवर करताना चित्रीकरण करून घ्या. याला नाही म्हणणारं क्लिनिक सोडून द्यावं.

किती सिटिंग लागतात, याचं एक उत्तर नाही. तरी अंदाज बांधता येतो. उसण भरली, मान आखडली, कमरेत चमक निघाली, अशा साध्या दुखण्याला घरी व्यायाम करणाऱ्या माणसासाठी चार ते सहा भेटी बहुधा पुरतात, त्याही रोज नकोत. पहिल्या आठवड्यात दोन, मग आठवड्याला एक. ‘रोज या, एकवीस दिवस’ असं कोणी तपासणीआधीच सांगितलं तर उठून यावं. खांदा गोठला असेल तर गोष्ट वेगळी. फ्रोझन शोल्डर महिनोन्महिने चालतो, मधुमेह असलेल्यांना तो जास्त होतो आणि जास्त रेंगाळतो. तिथे रोजच्या सिटिंगवर पैसे उधळण्यापेक्षा दोन आठवड्यांतून एकदा दाखवायचं आणि रोज घरी हात वर न्यायचा, असा लांब पल्ल्याचा बेत थेरपिस्टकडून आखून घ्यावा.

गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत मात्र काटकसर करू नका. पहिले सहा आठवडे गुडघा किती वाकेल, किती सरळ होईल हे ठरवतात. हिशेब असा मांडा. डोंबिवलीत पहिल्या तीन आठवड्यांत घरी १५ भेटी, प्रत्येकी ७००, म्हणजे १०,५००. नंतर क्लिनिकमध्ये १२ सिटिंग ४५० दराने, ५,४००. एकूण १५,९००. रिक्षा वेगळी, सध्या मीटरची सुरुवातच २६ रुपयांपासून आहे, आणि नवा गुडघा घेऊन शेअर रिक्षात तिसरं बसवत नाही. शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्ये फिजिओ धरलेला असला तरी बहुधा डिस्चार्जपर्यंतच असतो. लाखोंच्या पॅकेजची घासाघीस करणारं कुटुंब या सोळा हजारांपाशी कंटाळतं आणि ‘आता चालताहेत ना’ म्हणून थांबतं. मग वर्षभराने सासूबाईंना जिना एकेका पायरीने उतरावा लागतो.

हे पैसे विम्यातून मिळू शकतात, आणि ते अनेकांना माहीत नसतं. बहुतेक आरोग्य विम्यांत रुग्णालयातून सुटल्यानंतरच्या ठरावीक दिवसांचा खर्च धरलेला असतो, अनेकदा ६० दिवसांचा, काहींत जास्त. त्या काळातली, डॉक्टरांनी लिहून दिलेली फिजिओथेरपी पुष्कळ पॉलिसींत बसते. त्यासाठी डिस्चार्ज कार्डावर फिजिओथेरपीचा सल्ला सर्जनकडून लिहून घ्या, शक्य तर सिटिंगच्या संख्येसह. प्रत्येक बिलावर तारीख, थेरपिस्टची सही-शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा. पैसे यूपीआयने द्या. दाखल न होता, नुसतं कंबर दुखते म्हणून घेतलेले उपचार मात्र ओपीडीचं वेगळं संरक्षण असल्याशिवाय मिळत नाहीत.

आणखी एक बारीक सोय आहे. घरातले ज्येष्ठ नागरिक साठीच्या पुढचे असतील, त्यांचा आरोग्य विमाच नसेल आणि प्राप्तिकर जुन्या पद्धतीने भरला जात असेल, तर त्यांच्या औषधोपचाराचा वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंतचा खर्च कलम ८०डीखाली वजा करता येतो. अट एक: पैसे रोख दिलेले नसावेत. ‘रोख द्या, पन्नास कमी करतो’ या सवलतीची खरी किंमत इथे कळते.

नोंदणी बघायची, ‘डॉ.’ नव्हे

महाराष्ट्रात फिजिओथेरपी करायला महाराष्ट्र राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी लागते. २००२चा कायदाच आहे. पदवी बी.पी.टीएच.; वर्षानुवर्षं ती चार वर्षांचं शिक्षण आणि सहा महिन्यांची इंटर्नशिप अशी राहिली आहे. त्यापुढे एम.पी.टीएच. हे पदव्युत्तर शिक्षण. केंद्राचा २०२१चा संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदाही या पेशाला लागू आहे. परिषदेचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असतं. नसेल तर नोंदणी क्रमांक विचारावा. विचारताना संकोच वाटतो खरा, पण प्रामाणिक थेरपिस्टला त्याचा राग येत नाही. बोगस लोकांचा त्रास सगळ्यांत जास्त त्यांनाच होतो.

नावामागचं ‘डॉ.’ पाहून काही ठरवू नका. सप्टेंबर २०२५मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टांनी ही उपाधी लावू नये असं पत्र काढलं आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं. हा वाद त्यांचा त्यांना लढू द्या. ग्राहकाने पदवी आणि नोंदणी पाहावी. ‘सर्टिफाइड पेन थेरपिस्ट’, ‘स्पाइन स्पेशालिस्ट’, ‘हाडं बसवणारे’ अशा पाट्यांना कोणत्याही परिषदेचा आधार नसतो. मोबाइलवर मान कडकन मोडणाऱ्यांच्या चित्रफिती पाहून जे कायरोप्रॅक्टरचा पत्ता शोधत निघतात, त्यांच्यासाठी: या पेशाची नोंदणी करणारी स्वतंत्र परिषद भारतात नाही. मान ही प्रयोग करायची जागा नव्हे.

कमी पैशांत, किंवा फुकट

मुंबई या बाबतीत जुनी आहे. देशातलं फिजिओथेरपीचं पहिलं विद्यालय केईएममध्ये १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, पोलिओच्या साथीच्या काळात उभं राहिलं, आणि हाजी अलीची पुनर्वसन संस्था १९५५ची. आजही अवघड आणि लांबणाऱ्या दुखण्याला, म्हणजे पक्षाघात, मणक्याची इजा, लहान मुलांचा सेरेब्रल पाल्सी, याला खासगीत पैसे संपतात पण उपचार संपत नाहीत. अशा वेळी सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांची लाज बाळगू नये.

ठाण्याचं सिव्हिल हॉस्पिटल राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाखाली येतं, आणि त्या विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून उपचार निःशुल्क आहेत. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचं आहे. कल्याणात रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीत शास्त्रीनगर ही कल्याण-डोंबिवली महापालिकेची रुग्णालयं. पालिकेच्या रुग्णालयांत केसपेपरचं थोडं शुल्क पडतं. कोणत्या वारी फिजिओ विभाग सुरू आहे आणि थेरपिस्टची जागा भरलेली आहे का, हे आधी चौकशी करून जावं. ज्यांचा पगार महिन्याला २१,०००पर्यंत आहे आणि ईएसआय कापला जातो, त्यांना वागळे इस्टेट आणि उल्हासनगरची कामगार विमा रुग्णालयं आहेत. पगारातून पैसे कापले जातात आणि माणूस खासगीत चारशे-चारशे मोजत राहतो, असं इथे घरोघरी चाललं आहे.

मध्य रेल्वेच्या प्रवाशाला आणखी एक पर्याय सोपा पडतो, तो शीवचा. लोकमान्य टिळक रुग्णालय तिथे आहेच, शिवाय सोमय्यांचं फिजिओथेरपी महाविद्यालयही त्याच भागात आहे. महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार करतात, दर बाजारापेक्षा कमी असतो आणि तपासणी कधीकधी खासगीपेक्षा सावकाश, नीट होते. वेळ मात्र भरपूर लागतो. सकाळची ओपीडी म्हणजे अर्ध्या दिवसाची रजा. दिवसाचा खाडा होणाऱ्याला तीनशे रुपयांचं गल्लीतलं क्लिनिकच स्वस्त पडेल; निवृत्त माणसाला शीव.

ट्रेनर: परवाना नाही, तेव्हा कागद नीट वाचा

पर्सनल ट्रेनर व्हायला आपल्याकडे कोणतीही सरकारी नोंदणी लागत नाही. कालपर्यंत जिममध्ये वजनं उचलणारा आज तुमचा ट्रेनर असू शकतो. म्हणून निदान प्रमाणपत्र विचारा. मुंबईची के-इलेव्हन, अमेरिकेची एसीई किंवा एसीएसएम ही नावं या व्यवसायात मानली जातात. प्रमाणपत्र असलं म्हणजे शिकवता येतंच असं नाही, पण निदान कुठल्या गुडघ्याला काय करू नये हे तो वाचून आलेला असतो. त्याने पहिल्या दिवशी रक्तदाब, मधुमेह, औषधं, जुन्या इजा यांबद्दल काहीच विचारलं नाही आणि थेट स्क्वॉट घालायला लावले, तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं.

साध्या जिमची वर्षाची वर्गणी डोंबिवली-कल्याणात साधारण ८,००० ते १५,०००. ठाण्यात साखळी जिम १५,००० ते ३५,०००. पर्सनल ट्रेनिंग त्यावर वेगळं: महिन्याला १२ सत्रांचे डोंबिवलीत ५,००० ते ८,०००, ठाण्यात ८,००० ते १८,०००. घरी किंवा सोसायटीच्या जिममध्ये येणारा ट्रेनर एका सत्राचे ५०० ते १,००० घेतो. काही मोठ्या सोसायट्या बाहेरच्या ट्रेनरला परवानगी देत नाहीत किंवा त्याच्याकडून शुल्क घेतात. ते अखेर तुमच्याच बिलात येतं.

करारात पाहायच्या गोष्टी थोड्याच, पण पैसे तिथेच अडकतात. सत्रं किती दिवसांत संपवायची? गणपतीत पाच दिवस, दिवाळीत आठवडा, मेमध्ये गावी, आणि पावसाळ्यात लोकल बंद पडलेले दिवस. ‘३६ सत्रं, तीन महिन्यांत’ हे पॅकेज म्हणूनच क्वचित पुरं वसूल होतं. पॅकेज मध्ये थांबवता येतं का, किती दिवस, हे लेखी घ्या. ट्रेनर नोकरी सोडून गेला तर काय? तो जातोच, या धंद्यात माणसं टिकत नाहीत. उरलेली सत्रं तुमच्या पसंतीच्या दुसऱ्या ट्रेनरकडे की पैसे परत, हेही आधीच ठरलेलं बरं.

‘बिनव्याजी हप्ते’ म्हणून जे देतात ते बहुतेक वेळा कर्ज असतं. जिमला पूर्ण रक्कम फायनान्स कंपनीकडून मिळून जाते आणि तुम्ही कंपनीचे देणेकरी होता. उद्या जिमचं शटर खाली आलं तरी हप्ता खात्यातून जातच राहतो. मासिक किंवा तिमाही वर्गणी महाग वाटते, पण पहिल्या वर्षी तीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. एक जानेवारीला वर्षभराचे पैसे भरणाऱ्यांपैकी होळीला किती जण येतात, हे जिमवाल्याला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं आणि त्याचं गणित त्यावरच उभं आहे.

सप्लिमेंटच्या डब्यात ट्रेनरला कमिशन मिळू शकतं. प्रोटीनचा डबा ‘लागतोच’ असं तो म्हणाला, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर नक्कीच.

आणि प्रत्येकाला ट्रेनर लागत नाही, हे ट्रेनर सांगणार नाही म्हणून इथे सांगतो. व्यायाम नीट कसा करायचा हे शिकायला दोन महिने ट्रेनर घ्यावा, मग सोडावा, तीन महिन्यांनी एखाद्या सत्राला परत बोलवावं. ठाण्याचं मावळी मंडळ, डोंबिवली जिमखाना, घरडा सर्कलजवळचं सावळाराम महाराज क्रीडा संकुल, असल्या जागा चकचकीत जिमआधी एकदा पाहून याव्यात. तुम्हाला हवी ती सोय आणि वेळ तिथे असेल तर खर्च बराच खाली येतो.

मसाज आणि मालीश

या क्षेत्रात दर सर्वांत पसरलेले आणि शिक्षण सर्वांत धूसर. साध्या स्पामध्ये तासाला १,५०० ते ३,५००. आयुर्वेदिक केंद्रात अभ्यंग आणि स्वेदन ८०० ते १,८००, कटिबस्ती ६०० ते १,२००. आयुर्वेदिक म्हटलं की निदान करणारा वैद्य बी.ए.एम.एस. आणि नोंदणीकृत हवा. तो स्वतः मसाज करत नाही, पण तुम्हाला तपासून काय करायचं हे त्याने ठरवायला हवं. रिसेप्शनवरची मुलगीच ‘तुम्हाला सात दिवसांचं पॅकेज बसेल’ म्हणत असेल, तर त्या पॅकेजमागे वैद्य नाही.

मसाजने स्नायू सैलावतात, झोप लागते, चार दिवस बरे जातात. त्यासाठी पैसे खर्च करणं अजिबात चुकीचं नाही. पण दबलेली नस मोकळी होईल, गादी जागेवर बसेल, शरीरातलं ‘टॉक्सिन’ निघेल, असल्या वचनांसाठी एक रुपयाही देऊ नये. मसाजमधली वर्षाची पॅकेजं तर मुळीच घेऊ नयेत. इथे पुढच्या सिटिंगची गरज शरीर आयत्या वेळी सांगतं.

काही दुखण्यांत टेबलावर झोपण्याआधी डॉक्टरच गाठायचा असतो. एका पोटरीला अचानक सूज आणि दुखरेपणा आला असेल तर तिथे मालीश करू नये. शिरेत गुठळी असू शकते. कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी रुग्णालय. ताप, कारण नसताना घटलेलं वजन, वयस्क माणसाचं पडणं, आणि घाम फुटून डाव्या खांद्यात कळ, हीसुद्धा ना फिजिओची कामं ना मसाजची.

मालीशवाल्या बाईंबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण डोंबिवली-कल्याणात वेलनेस क्लिनिकपेक्षा त्यांचं राज्य कितीतरी जुनं आणि मोठं आहे. बाळ-बाळंतिणीचं मालीश आणि बाळाची आंघोळ मिळून रोजचे ३०० ते ६०० रुपये. सव्वा महिन्याचं ठरवलं तर १०,००० ते २०,००० होतात, आणि शेवटच्या दिवशी साडी वेगळी. चांगल्या बाई आधीच बांधून ठेवाव्या लागतात. त्यांची बुकिंग सातव्या महिन्यात होते, ओळखीतून. कोणता दर कशाचा, हे त्यांच्याशी सरळ बोलून घ्या: शेक-शेगडी, धुरी, बाळाचे कपडे धुणं, रविवार. शेवटी कुरबुर होते ती याच गोष्टींवरून. सिझेरियन झालं असेल तर डॉक्टरांनी सांगेपर्यंत पोटावर दाब नको. बाळाच्या नाकाकानात तेल घालणं, नाक ओढून सरळ करणं, पायाला धरून उलटं करणं हे पहिल्याच दिवशी हसून पण ठामपणे नको म्हणावं. आणि बाळाच्या खोलीत धुरी नकोच. आजी रागावतील, बालरोगतज्ज्ञांचं नाव पुढे करावं.

बिल हातात आल्यावर

एकाच पाटीखाली तिघं काम करत असतील तर बिल तीन ओळींत मागा. नोंदणीकृत थेरपिस्टकडून झालेली फिजिओथेरपी ही आरोग्यसेवा आहे आणि तिच्यावर जीएसटी नाही. जिम, ट्रेनिंग आणि स्पावर पूर्वी १८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५पासून ५ टक्के झाला. म्हणजे ‘वेलनेस पॅकेज’ अशी एकच ओळ लिहून सगळ्यावर कर लावला असेल, किंवा जुना १८ टक्के दर चालूच असेल, तर विचारायचा हक्क तुम्हाला आहे. ज्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे आणि ज्याने जीएसटीची नोंदणीच केलेली नाही, त्याला कर आकारताच येत नाही. बिलावर जीएसटी क्रमांक नसेल आणि कर असेल, तर तो कर सरकारकडे जात नाही एवढं नक्की.

‘एकदा भरलेले पैसे परत मिळणार नाहीत’ ही ओळ जवळपास प्रत्येक पावतीच्या तळाशी छापलेली असते, आणि लोक ती वाचून गप्प बसतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सेवेलाही लागू आहे. पावती न देणं ही त्या कायद्याखाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष सेवा थांबवून पैसे परत करायला नकार देणं हीसुद्धा. पावतीत मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत परतावा द्यायचा असतो. तुम्हाला कंटाळा आला म्हणून पैसे परत मिळतील असा याचा अर्थ नाही. ट्रेनर दिला नाही, क्लिनिक दुसरीकडे हललं, ठरलेल्या नोंदणीकृत थेरपिस्टऐवजी शिकाऊ मुलगा आला, अशा वेळी मागणी भक्कम असते.

आधी मालकाला लेखी कळवा. दाद लागली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात, कारण चेन चालवणाऱ्यांना ती परवडत नाहीत. त्यापुढे ठाणे जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला फी नाही, वकील सक्तीचा नाही आणि तक्रार ऑनलाइन करता येते. मुदत घटनेपासून दोन वर्षं. त्यासाठी जपून ठेवायचं ते पावती, यूपीआयची नोंद, सत्रांची हजेरी लिहिलेलं कार्ड, आणि पॅकेज विकताना जे जे तोंडी कबूल केलं गेलं त्याचा व्हॉट्सॲप संदेश. तो त्याच संध्याकाळी आपणच पाठवावा: ‘आज आपलं असं असं ठरलं, बरोबर ना?’ समोरून ‘हो’ आलं की पैसे भरावेत.